तिवराचा पार

आमच्या बिल्डिंगला मागची बाजू आहे, हे आम्हाला राहायला आल्यावर पाच-सहा महिन्यांनी कळलं. आता हसाल तुम्ही. पण नवघरला घर बघायला आलो तेव्हा बिल्डरच्या माणसाने पुढूनच आत नेलं आणि पुढूनच बाहेर काढलं. हॉल दाखवला, नळ सोडून दाखवला, गच्चीत नेऊन स्टेशन कुठल्या बाजूला ते बोट करून दाखवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीला मात्र आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. रंगाचे डाग पडू नयेत म्हणून, असं म्हणाला. आमचे हे म्हणाले, राहू दे तो कागद, दुपारचं ऊन अडतं. मग राहिला तो.

एका दुपारी वाफेने तो कागद आपोआप सुटला आणि खाली कट्ट्यावर पडला. मी डाळीला फोडणी द्यायचं सोडून बघतच राहिले. खाली कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे हिरवट-करडी झाडं, गुडघाभर चिखलात उभी. त्यांच्यापलीकडे खाडीचा एक फाटा, आणि त्याच्याही पलीकडे मिठागरं, उन्हात पत्र्यासारखी चमकणारी. लालबागच्या खोलीत माझ्या खिडकीसमोर बावीस वर्षं दुसऱ्यांचे टॉवेल होते. इथे समोर काहीच नव्हतं, म्हणजे सगळंच होतं.

तेव्हापासून माझ्या दुपारी त्या खिडकीत जायला लागल्या. तीनच्या सुमाराला सगळी बिल्डिंग झोपलेली असायची. कुणाचा तरी कुकर, कुणाचा तरी टीव्ही, मग तेही थांबायचं. आणि भरती दुपारची असली की तेवढ्यात पाणी यायचं. आवाज म्हणून नाही. पाणी आलं असं वाटायचंच नाही, चिखल हळूहळू नाहीसा झाला एवढंच वाटायचं. झाडं पोटरीपर्यंत बुडायची, पानांवर उजेड खालून हलायचा. मी उभ्याउभ्या डुलकी काढली तरी तेच दिसत राहायचं, त्यामुळे झोप कुठे लागली आणि कुठे उघडली ते कळायचं नाही.

मुलांना तिकडे मी नेलं असं सगळे म्हणतात, पण खरं म्हणजे मुलांनी मला नेलं. भिंतीला पाणी जायला एक भोक ठेवलं होतं, ते पडून पडून माणूस वाकून जाईल एवढं झालेलं. मुलांचा बॉल त्यातून गेला आणि बॉलमागून तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी गेली. आठ-नऊ वर्षांची होती. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. ती बराच वेळ येईना, म्हणून वरून पाहणारी मी धावत खाली गेले आणि वाकून पलीकडे शिरले. बघते तर ही बया एका झाडापाशी उभी राहून पान चाटतेय.

"काय गं करतेस? थुंक ते."

"आजी, खारट आहे. वेफरसारखं."

मी म्हटलं, बघू. आणि साठीला आलेली बाई मी, मीही चाटलं. खरंच खारट. पानाच्या मागच्या बाजूला मिठाचे बारीक कण, साखर पेरल्यासारखे. ते झाड सगळं मीठ पिऊन पानातून बाहेर टाकतं, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं, की मी रोज ज्याच्याकडे बघते त्याची चव मला माहीत नव्हती.

मग रविवारी सकाळी, ओहोटी असेल तेव्हा, आम्ही जायला लागलो. सात-आठ मुलं आणि मी. मी काही शिकवत नव्हते हो, मला येतच काय होतं. मी लसूण सोलायला घेऊन जायचे. नियम एकच. आजीच्या दोन गड्ड्या सोलून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, आणि मग प्रत्येकाने आपल्याला काय दिसलं ते सांगायचं. एकजण म्हणायचा, तो मासा चिखलात चालतो. निवटी ती. दुसरी म्हणायची, एका खेकड्याचा एकच हात मोठा आहे, तो सगळ्यांना बाय करतोय. त्या दोन वेण्यांच्या मुलीने भोकाजवळचं एक झाड स्वतःचं करून टाकलं होतं. भिंतीला लागून, जरा उंचवट्यावर, बाकीच्या झाडांपासून सुटं उभं होतं ते. तिवराचं झाड. रविवारी आधी त्याच्यापाशी जायची, बुंध्यावर हात ठेवायची आणि मग आमच्यात येऊन बसायची.

घरच्या मंडळींना त्या बाजूचं काही नव्हतं. मागे म्हणजे टाकायची जागा. केस, दुधाच्या पिशव्या, मोडलेल्या बाहुल्या, सगळं खिडकीतून मागे. पण मुलं तिथे बसायला लागली आणि त्यांच्या डोक्यावर हे पडायला लागलं, तेव्हा गंमत झाली. आमच्या शेजारच्या गुजराती भाभी देवाला वाहिलेली फुलं फरसाणाच्या पिशवीत गाठ मारून मागे सोडायच्या, खाडीचं पाणी म्हणजे गंगाच की. एका रविवारी मुलं थेट त्यांच्या दारात.

"भाभी, आपकी थैली झाड पे लटकी है."

"मेरी थैली पे मेरा नाम लिखा है क्या?"

"नाम नहीं है," दात पडलेली म्हणाली, "पर आपके भगवान अंदर गुदमर रहे हैं."

भाभींना गुदमरणं म्हणजे काय ते कळलं नाही, मग तिने आपलं नाक दोन बोटांनी दाबून दाखवलं. भाभी इतक्या हसल्या की दाराला टेकल्या. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः वाकून भोकातून पलीकडे आल्या, पिशवी काढली, आणि निर्माल्याला कंपाउंडमध्ये एक ड्रम ठेवायला त्यांनीच सेक्रेटरीला भाग पाडलं. घरातल्या मोठ्यांना शिकवायचं तर पोरांना पुढे करावं, हे मला तेव्हा कळलं. मोठी माणसं एकमेकांचं ऐकत नाहीत, पण स्वतःच्या पोरापुढे ओशाळतात.

आणि म्हणूनच पुढचं जे झालं त्याचा दोष माझ्याकडे जास्त येतो.

दिवाळी आली. घराघरांतून डबे खाली निघाले, पंखे पुसले गेले, जळमटं निघाली. मुलं म्हणाली, आजी, आपल्या मागच्या बाजूची पण दिवाळी करूया. मला तर काय, आनंदच झाला. मी म्हटलं, करूया, लखलखीत करूया. पिशव्या वेचल्या, थर्माकोल वेचलं, बाटल्या वेचल्या. चार गोणी भरल्या. पण मग त्या सुट्या झाडाभोवती चिखलातून वर आलेले खिळ्यांसारखे कोंब राहिले. करंगळीएवढे, पेन्सिलीएवढे, शेकड्याने उभे. मुलांच्या पायांना टोचायचे, झाडू अडायचा. तुम्ही कापलेल्या शेतात कधी अनवाणी चाललात का? तसं. मी म्हटलं, हे कसले खुंट वाढलेत, काढून टाका. मीच म्हटलं. माझे शब्द मला अजून ऐकू येतात. मुलांनी विळ्या आणल्या, एकीने आईची भाजीची सुरी आणली. कच्चे पडवळ चिरावे तसे ते सपासप तुटायचे. तासाभरात झाडाभोवतालचं अंगण गुळगुळीत.

ते बघायला त्या दोन वेण्यांच्या मुलीचे वडील आले. टाइल्सच्या दुकानात कामाला होते, रत्नागिरीकडचे. सकाळी सातला जायचे ते रात्री पोर झोपल्यावर परत. मी त्यांना जिन्यात पाठमोरेच जास्त पाहिलं होतं. ते झाडाभोवती एक फेरी मारून म्हणाले, "काकू, जागा झकास झाली. पण झाड उघडं वाटतं. आमच्या गावच्या देवळासमोर पार आहे, तसा एक बांधूया का?"

सांगा, कोण नाही म्हणेल? आपल्याकडे झाडावर माया करायची म्हणजे काय करायचं, तर त्याला पार बांधायचा. वडाला बांधतात, पिंपळाला बांधतात. मी म्हटलं, बांधा.

दुकानातून उरलेल्या, कोपरे उडालेल्या टाइल्स त्यांनी आणल्या. निळ्या, गुलाबी, एक मोराचं चित्र असलेली. लाल माती आली. बाप कडेला बसून सिमेंट लावायचा आणि मुलगी त्याच्या हातात रंग बघून टाइल द्यायची. "आता निळी देऊ?" "दे." "आता मोर?" "मोर पुढे, लोकांना दिसायला." सलग तीन रविवार ते दोघे तिथे होते. तिची आई वरच्या खिडकीतून मला म्हणाली, "काकू, लग्नाला दहा वर्षं झाली, हा माणूस इतकं बोलतो हे मला आज कळलं."

गुडघ्याइतका उंच पार झाला. आत लाल माती चोपून बसवलेली. भाभींनी त्याच्यावर देवीचा एक छोटा फोटो ठेवला. बायका संध्याकाळी तिथे बसायला लागल्या. ज्यांना भिंतीपलीकडे पाय ठेवायची किळस यायची त्या बायका भाजी निवडायला तिथे यायला लागल्या. हिवाळ्याची ती कलती उन्हं, खालून खाडीचा खारा वास, वर झाडात बगळ्यांची हालचाल, आणि पारावर मटार सोलत बसलेल्या आम्ही. बोलणं मध्येच थांबायचं आणि कुणालाच ते पुन्हा सुरू करावंसं वाटायचं नाही. पाणी चढताना सगळ्यांच्या बांगड्यासुद्धा गप्प व्हायच्या. मला वाटायचं, झालं, हेच तर हवं होतं आपल्याला.

मार्गशीर्ष संपताना पानं पिवळी दिसायला लागली. मी म्हटलं, थंडीने. मुलगी म्हणाली, तहान लागली असेल. ती शाळेतून आली की आपल्या पाण्याच्या बाटलीतलं उरलेलं पाणी त्या लाल मातीत ओतायची. आमच्याकडे पाण्याची काय परिस्थिती, तासभर यायचं ते पिंपात साठवायचं. म्हणून ती शाळेत पाणी कमी प्यायची, झाडाला उरावं म्हणून. हे तिच्या आईला नंतर कळलं आणि आईने डोक्यावर हात मारून घेतला.

खाडीच्या कडेने ओहोटीच्या वेळी जुन्या गावातली एक म्हातारी यायची. कासोटा मारलेलं लुगडं, हातात लोखंडी आकडा, कमरेला टोपली. बिळात आकडा घालून चिंबोऱ्या, खाडीतले मोठे खेकडे, ओढून काढायची. आम्ही एकमेकींना मान हलवायचो एवढीच ओळख. एका सकाळी मी एकटीच पारावर बसले होते आणि ती चिखलातून येता येता थांबली. झाडाकडे बघितलं, पाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाय, ह्यो कुनी बांधला?"

"आम्हीच. छान झालाय ना?"

"छान हाय. मानसाला छान हाय." ती जवळ आली. आकड्याने तिने पाराच्या बाहेरचा चिखल टोकरला. तिथे दुसऱ्या झाडाचे ते खिळे उभे होते. "हे काय हाय, ठाव हाय का तुला?"

"खुंट. आम्ही आमच्याकडचे सगळे साफ केले. पोरांच्या पायाला टोचायचे."

ती खाली बसली, एक खिळा दोन बोटांत धरला, हळूच, लहान मुलाचं बोट धरावं तसा. "नाकां हायत ती झाराची. खाली चिखलान हवा न्हाय. म्हनून नाक वर कारून श्वास घेतंय ते. पानी आला का दम धरतंय, पानी गेला का सोरतंय." मग पाराकडे बोट केलं. "तुमी नाकां कापलीव, न वरशी मातीन गारलीव. आता ते कुठशी श्वास घेल?"

मी पारावरून उठून उभी राहिले. कुणाच्या तरी छातीवर बसले होते असं वाटलं मला.

"मरेल का हो ते?"

"पान गलतंय ना? मंग." ती टोपली सावरत उठली. "माती कार. लवकर कार. पुढच्या उधानाआधी. मंग त्याची मर्जी."

आणि ती निघून गेली, पाण्याच्या कडेकडेने, लहान होत होत.

आता मी लगेच सगळ्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तीन दिवस नाही सांगितलं. रविवारी खिडकीतून बघितलं तर बाप आणि लेक पारावर चणे खात बसले होते. तो तिला काहीतरी सांगत होता, हात पसरून, गावच्या नदीचं असेल, आणि ती पाय हलवत ऐकत होती. मला वाटलं, हा पार फोडायचा म्हणजे नुसत्या टाइल्स फोडायच्या का? या माणसाने आयुष्यात पोरीबरोबर मिळून एकच गोष्ट केली, ती आपण मोडायची. आणि ती कुणाच्या सांगण्यावरून केली, तर आपल्याच. मुलं माझ्यावर विश्वास ठेवून त्या भोकातून वाकत होती. आजी म्हणते तसं करायचं, की झाडाला बरं वाटतं. आता आजीने काय सांगायचं? आणि वरून रोज दिसत होतं, पिवळी पानं पाण्यावर पडत होती, ओहोटीबरोबर एकेक करून हळू लांब जात होती.

संक्रांतीनंतर बिल्डिंगचं हळदीकुंकू पारावरच ठरलं होतं. वीस-बावीस बायका नटून भोकातून वाकून आल्या, गजरे सांभाळत. पोरं मागेपुढे. मोराच्या टाइलवर हळदीकुंकवाचं तबक ठेवलेलं. मी वाण द्यायला उभी राहिले आणि माझ्या हातातून वाण काही पुढे जाईना. कापडी पिशव्या शिवल्या होत्या मी. हातात पिशवी धरून मी सगळं सांगितलं. नाकं सांगितली, माती सांगितली. काढून टाका म्हणणारी मीच होते, हेही सांगितलं. ज्या पारावर बसलाय तो काढायचा आहे, म्हटलं.

आणि मग सुरू झालं.

"काकू, तुम्हीच बांधा म्हणालात, आता तुम्हीच फोडा म्हणताय. एक काय ते ठरवा."

"चिंबोऱ्या पकडणारी बाई सांगते आणि आपण ऐकायचं?"

"आधी तीन महिने कचरा उचलायला लावला, आता पार फोडायला. पुढे आमची बिल्डिंग फोडायला लावतील या."

मी म्हटलं, "ती बाई जन्मापासून त्या चिखलात आहे. मी तीन वर्षं खिडकीत आहे. कुणाचं ऐकायचं?"

"और माताजी का क्या?" कुणीतरी भाभींकडे बघून विचारलं. "देवीची जागा आहे ती, तिला हलवायचं?"

हे खरं अवघड होतं. एकदा देव बसला की आपल्याकडे दगडसुद्धा हलत नाही. सगळ्याजणी भाभींकडे बघायला लागल्या. भाभी उठल्या. शालूचा पदर खोचला, फोटो उचलला, पदराने पुसला. "माताजी मेरे घर में आएगी. मेरे को तो कोई दिक्कत नहीं. वैसे भी इधर रोज शाम को मच्छर काटते थे उनको." आणि फोटो छातीशी धरून परत खाली बसल्या, जमिनीवर, पाराच्या खाली.

पण ज्याचं मन खरं दुखणार होतं तो तिथे नव्हता. रात्री तो घरी आल्यावर त्याला बायकोने सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जिन्यात तो पहिल्यांदा माझ्यासमोर तोंड करून उभा राहिला. मुलगी दप्तर घेऊन त्याच्या मागे.

"काकू, मी आमच्या गावचे पार बघितलेत. शंभर वर्षांचे. एक झाड मेलं नाही."

"ते वडाचे होते रे. वड कोरड्या मातीतला. हा चिखलातला आहे, याचं वेगळं आहे. मलाही माहीत नव्हतं."

"हिला काय सांगू मी? बाबांनी बांधलं ते चुकीचं होतं?"

मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "आजी, माझं पाणीपण चुकीचं होतं?"

मला तिला खोटं सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, "पाण्याने त्याला काही झालं नसेल. पण तहान लागलेली नव्हती त्याला. त्याला श्वास हवा होता."

तिने बाटली दप्तराच्या खिशातून काढली, बघितली, परत ठेवली. बाप तिचा हात धरून खाली गेला.

उधाणाच्या आधीचा रविवार. ओहोटी सकाळी होती. मी खुरपं घेऊन गेले, मुलं आली, भाभी आल्या, चार-पाच आया आल्या, हळदीकुंकवात ज्या जास्त बोलल्या होत्या त्यातल्याच दोघी. तो नव्हता आला. मुलगी आली होती, पण भिंतीपाशीच उभी होती. आम्ही खुरप्याने सिमेंट ठोकायला लागलो. ते कसलं निघतंय. भाभी वरवंटा घेऊन आल्या होत्या, त्यांनी दोनदा मारला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तेवढ्यात मागून आवाज आला.

"असं नका ठोकू. मुळाला लागेल."

हातात छिन्नी-हातोडा, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केलेला. "सिमेंट मी लावलंय. कुठून सुटतं ते मला माहीत आहे." मग भिंतीकडे न बघता म्हणाला, "ये गं. मी सोडवतो, तू घे."

मग उलटं सुरू झालं. तो अलगद टाइल सोडवायचा, ती हातात घ्यायची आणि भिंतीला लावून ठेवायची. निळी, गुलाबी, परत निळी. मोर सगळ्यांत शेवटी निघाला, एक कोपरा आणखी उडाला त्याचा. टाइल्स निघाल्यावर माती. घमेली भरायची, एकमेकींच्या हातातून भोकापर्यंत पोचवायची, तिथून कंपाउंडच्या कुंड्यांत. मधेच ती म्हातारी आली. टोपली खाली ठेवून एका उंच ढिगाऱ्यावर बसली आणि हुकूम सोडायला लागली. "खोल नको जाव. हातानं कार, लोखंड नको. आरं ते मूल हाय, मूल, दोरी न्हाय." मुलं तिच्यावर खूश. तिला कुणी आजी म्हणालं नाही, मुकादम म्हणायला लागले.

लाल मातीखालचा काळा चिखल दिसला तेव्हा असा वास आला की दोघीतिघी मागे सरल्या. कोंडलेला, कुजका. आणि त्या काळ्यात आम्ही कापलेल्या त्या नाकांचे बुडखे, ओळीओळीने, मऊ पडलेले. नेहमीचा नियम मी सांगितला नव्हता, लसूणही नव्हता, पण सगळी मुलं गप्प बसून बघत होती. ज्या मुलाने सगळ्यांत जास्त कापले होते तो हळूच म्हणाला, "एवढी नाकं होती याला?" आमच्या पायांशी पाणी येईपर्यंत आम्ही तसेच. मग पाणी चढलं आणि त्या जखमांवरून पसरलं, आणि खालून बुडबुडे आले. एकेक, एकेक.

पुढे काय होणार ते म्हातारीलाही माहीत नव्हतं. मुलं विचारायची, आजी, जगेल ना? मी म्हणायचे, माहीत नाही. मोठ्या माणसाने मुलांना माहीत नाही म्हणणं किती जड असतं, आणि एकदा म्हटलं की किती हलकं वाटतं. पानं गळत राहिली. होळीपर्यंत भिंतीकडच्या फांद्या पार वाळल्या, बगळेही त्यावर बसेनात. खाडीकडच्या अंगाला थोडी पानं धरून होती. दुपारी खिडकीत उभी राहिले की सगळं तसंच हलायचं, पाणी, उजेड, मिठागरांची चमक, फक्त मधे ते अर्धं झाड, ते तेवढं स्थिर. मी डोळे मिटले तरी तेच दिसायचं.

तिथे आता कुणी भाजी निवडायला जात नव्हतं. बसायला काही उरलंच नव्हतं ना. पण बायका भोकापर्यंत यायच्या, वाकून बघायच्या आणि परत जायच्या, आजारी माणसाची चौकशी केल्यासारख्या. मागे पिशवी टाकायची मात्र कुणाची छाती होईना. आणि तो बाप रविवारी लेकीबरोबर येऊन उभा राहायचा. आम्ही सगळे बसलेलो, तो उभा. बोलायचा नाही. मुलगीही फारशी नाही. चणे संपले होते जसे काही.

शाळांना सुट्टी लागल्यानंतरचा एक रविवार असेल. सकाळीच उकडत होतं, खाडीवर पांढुरकी वाफ, पलीकडची मिठागरं त्यात अर्धवट विरघळलेली. कुठे जमीन संपते आणि कुठे पाणी लागतं ते कळत नव्हतं. मी लसूण सोलत होते, मुलं गप्प बसून आपापलं बघत होती. बाप झाडाच्या वाळलेल्या बाजूला, फांदीला हात लावून उभा होता. मुलगी चिखलात पोटावर आडवी होऊन काहीतरी न्याहाळत होती, ती न उठताच म्हणाली,

"बाबा, पाय उचला."

"काय?"

"उचला ना. हळू."

त्याने चप्पल घातलेला उजवा पाय उचलला. खाली चिखलात नाकांची दोन नवी टोकं होती, तांदळाच्या दाण्याएवढी, तपकिरी, वर बघणारी. एक जरा वाकलं होतं त्याच्या चपलेने. पाय ठेवायला त्याने बाजूला बघितलं तर तिथे एक होतं. मागे बघितलं तर मागे तीन. आता मुलं सगळी उठून आली होती आणि ज्याच्या त्याच्या पायाशी बघत होती, आणि कुणालाच हलता येईना.

"इथे ठेवू?" त्याने विचारलं.

"नको. तिथे पण आहे."

"मग कुठे ठेवू गं?"

"थांबा," ती म्हणाली, "मी बघून सांगते," आणि दोन्ही तळव्यांनी चिखल चाचपत त्याच्याभोवती रांगायला लागली. तो तसाच एका पायावर उभा राहिला, एक हात झाडाला लावून, चप्पल हातात काढून घेऊन. पाणी चढायला लागलं होतं. कुणाला घाई नव्हती.